रातचं पाणी

तंबू आम्ही २०१९ च्या दिवाळीत घेतला आणि पहिल्यांदा उघडला २०२४ च्या जानेवारीत. मधली चार वर्षं तो माळ्यावर, जुना कूलर आणि लेकीची लहानपणची सायकल यांच्यामध्ये पडून होता. घेतला तेव्हा "दर महिन्याला एक किल्ला" असं नवऱ्याने जाहीर केलं होतं. मग कोविड आला, मग लेकीची दहावी आली (परीक्षाच झाली नाही ती दहावी), मग बारावी, मग नवऱ्याची कंबर. लेक पुण्याला होस्टेलला गेली आणि रात्री दोनच ताटं घ्यायची सवय काही केल्या होईना. अशाच एका रविवारी तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत म्हणाला, "अगं, हा अजून चांगला आहे."

चांगला कुठला! गच्चीवर नेऊन उभा करायला पन्नास मिनिटं लागली. एका काठीच्या आतलं इलॅस्टिक सैल पडलं होतं, त्यामुळे तिचे तुकडे एकमेकांत बसायचे नाहीत. मी पायजम्याची नाडी ओवायची पिन आणली आणि नवीन इलॅस्टिक ओवलं. तेवढं एकच काम त्या दिवशी धड झालं. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, तंबूभोवती एक चक्कर मारली आणि "गच्चीवर मुक्काम करायला परवानगी नाही हं" म्हणून गेले. दुसऱ्या रविवारी वीस मिनिटांत उभा राहिला. तिसऱ्या रविवारी आम्ही आत आडवे पडून पाहिलं. नवऱ्याचे पाय कापडाला टेकत होते. म्हणजे तिरकं झोपावं लागणार. छत्तीस वर्गफुटांत तिरकं कोणी झोपायचं, यावर जे बोलणं झालं ते इथे नको.

जागा मी ठरवली. रेवदंडा.

माझं आजोळ श्रीवर्धनचं. लहानपणी मुंबईहून जाताना कधीमधी अलिबाग-मुरुड असा लांबचा फेरा व्हायचा आणि एसटी रेवदंड्याच्या कोटातून जायची. म्हणजे अक्षरशः कोटातून. डांबरी रस्ता तटाच्या दरवाज्यातून आत शिरतो, गावातून जातो आणि खाडीकडे बाहेर पडतो. खिडकीतून हात बाहेर काढला तर काळ्या दगडाला लागेल असं वाटायचं. नारळी-पोफळीच्या वर एक उंच, भग्न, चौकोनी मनोरा दिसायचा, आणि तो काय आहे हे विचारेपर्यंत गाडी पुलावर आलेली असायची. चाळीस वर्षं मनात राहिलेलं ते गाव मला एकदा पायी बघायचं होतं.

तारखेचं गणितही माझंच. आजीने शिकवलेलं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अवसेला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सहाच्या सुमारास. घड्याळ नसलेल्या बायकांचं हे घड्याळ. २६ जानेवारीला शुक्रवार होता, जोडून शनिवार-रविवार. पंचांगात पाहिलं तर पौष वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. दुपारी पाऊणला भरती, संध्याकाळी पावणेसातला ओहोटी, रात्री परत पाऊणला भरती, सकाळी सातला ओहोटी. कोटाच्या समुद्राकडच्या तटाखालून चालायचं तर ओहोटीच हवी, आणि ती नेमकी उजाडताना मिळत होती. वर चंद्र जवळजवळ पूर्ण. मी हिशेबाच्या नोकरीतली बाई. आकडे असे जुळले की मला उगाचच वाटतं की आता पुढचंही सगळं जुळेल.

सामानाबद्दल एवढंच सांगते की आम्ही जे नेलं त्यातलं निम्मं लागलं नाही आणि जे लागलं ते नेलं नव्हतं. जाड प्लास्टिकचा कागद नेला हे बरं केलं. वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत हे आधी कळलं होतं, म्हणून कापडी पिशव्या नेल्या. पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. कितीही वारा आला तरी हलत नाही. या युक्तीचा नवऱ्याला फार अभिमान होता. पुढे या पिशव्यांचा विषय येणार आहे.

डोंबिवलीहून साडेपाचला निघालो. वडखळपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. सुट्टीच्या सकाळी तिथून जे गेलेत त्यांना माहीत आहे. पोयनाडनंतर रस्ता मोकळा झाला. अलिबाग मागे टाकलं, नागावच्या वाड्या सुरू झाल्या आणि मग चौल. तिथे रामेश्वराच्या देवळाशी थांबलो.

समोर मोठी पुष्करणी, तिच्या पाण्यात देवळाचं उलटं प्रतिबिंब, आणि त्या शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं सोडून कोणी नाही. सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत: अग्निकुंड, वायुकुंड, पर्जन्यकुंड. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडायचं अशी गावाची रीत होती. एरवी ती फरसबंदीखाली झाकलेली असतात. नवरा बराच वेळ खाली बघत उभा राहिला. म्हणाला, "देवाला त्रास द्यायचा, पण शेवटचा उपाय म्हणून. बरंय."

आज चौल म्हणजे झाडीतलं शांत गाव आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन-चार दुकानं आणि वाड्यांची कुंपणं दिसतात. पण इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक भाषेत लिहिणाऱ्यांनी 'सेमुल्ला', 'सिमुल्ला' म्हणून ज्या बंदराची नोंद केली ते हे. अरब प्रवाशांचं 'सैमूर' हेच. दहाव्या शतकात अल-मसूदी इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियातला त्वेर गावचा व्यापारी याच बंदरावर उतरला. बरोबर विकायला एक घोडा. तो लिहितो की गोरा माणूस बघायला माणसं आपल्या मागून चालायची. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच ठेवून घेतला आणि धर्म बदललास तर देतो म्हणाला. एका खुरासानी ओळखीच्याने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. त्याच्या नावाचा स्तंभ रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. एवढ्या लांबून आला, आणि पहिला मोठा अनुभव काय, तर गाडी जप्त!

वाडी ओळखीतून मिळाली होती. नारळ, पोफळी, मधे विहीर, एका कोपऱ्यात पाहुण्यांसाठी बांधलेलं संडास-बाथरूम, आणि वाडीच्या पलीकडे सुरूची रांग ओलांडली की थेट पुळण. वाडीच्या काकांनी विहिरीजवळची झाडलेली जागा दाखवली. "इथं लावा. सावली आहे, नळ आहे."

मला समुद्र ऐकत झोपायचं होतं. डोंबिवलीत रात्रभर लोकल ऐकत झोपणाऱ्या बाईला विहिरीच्या पंपाशेजारी झोपायचं असतं का? आम्ही सुरूपलीकडे गेलो. दुपारचे दोन वाजले होते, भरती होऊन सव्वा तास झालेला, पाणी उतरायला लागलेलं. रेवदंड्याची वाळू काळसर आहे, ओली झाली की जवळजवळ काळी. त्यामुळे भरती कुठवर आली होती ती रेघ स्पष्ट दिसत होती: खाली ओलं काळं, वर कोरडं राखाडी, मधे शेवाळाची, काटक्यांची, थर्मोकोलच्या गोळ्यांची झालर. मी रेघेपासून वर पंधरा पावलं मोजली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची भरती, म्हणजे उधाणाचीच. याहून वर पाणी येणार नाही. खात्रीला आणखी पाच पावलं. तिथे तंबू.

बावीस मिनिटं लागली. सहा पिशव्या, सहा खड्डे, हातभर खोल. नवऱ्याने प्रत्येक दोरी ओढून पाहिली आणि म्हणाला, "आता चक्रीवादळ येऊ दे."

दुपार कोटात गेली. चौल दोन होती: वरचं जुनं चौल, जिथून आम्ही आलो ते, आणि खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने वसवलेलं खालचं चौल, म्हणजे रेवदंडा. १५२१ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १७४० मध्ये, वसई पडल्यानंतरच्या वर्षी, हे ठाणं मराठ्यांकडे आलं. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं इथे युरोपी पद्धतीचं एक भरलेलं शहर होतं, मठ, चर्च, इस्पितळासकट. आता त्या शहरात पोफळी आहेत. ही माझी अतिशयोक्ती नाही. तुम्ही पायवाटेने चालता, दोन्ही बाजूंना वाडीचे गडगे, कोणाची तरी म्हैस, पाटाचं पाणी, आणि अचानक समोर तीन मजले उंच भिंत. तिच्यात कमान, कमानीत वड. आत गेलात तर छप्पर नाही, खाली माड लावलेले. चर्चच्या मधल्या दालनात कोणी तरी सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. मी त्या ओलांडायला साडी सावरते तशी ओढणी सावरली.

लहानपणी खिडकीतून दिसायचा तो मनोरा म्हणजे सातखणी. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा बुरूज. सात खण म्हणून सातखणी, पण आता मोजायला गेलं तर सात भरत नाहीत. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं तर मान दुखते. मधले तक्तपोशीचे मजले गेलेत, नुसती पोकळ नळी उरलीय आणि तिच्यात पारव्यांची वस्ती. चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि थोडं चुकल्यासारखंही झालं. खिडकीतून तो जास्त उंच होता.

परतताना गावात सिनेगॉगवरून आलो. 'बेथ एल'. दार बंद होतं. या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली लोकांना आजी 'शनवार तेली' म्हणायची, कारण तेलाचा घाणा चालवायचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद. चेऊलकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावं, घरात मराठी, नवस फेडायला भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून मलिदा. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. आजीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. ती गेली तेव्हा आजीला पाटी देऊन गेली. ती पाटी मी पाहिलेली आहे.

खाडीच्या तोंडाशी कुंडलिका समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा डोंगर मगरीसारखा पाण्यात लांब पडलेला. खाडीत जाळी बांधायला रोवलेले लाकडी खांब दिसत होते, ओहोटीने उघडे पडलेले. ते बघून मला वाचलेलं आठवलं आणि मी नवऱ्याला बसवून ते सांगितलं. १५०८ च्या मार्चमध्ये याच खाडीत पोर्तुगीज आरमार नांगरून होतं. नायक लॉरेन्सो द अल्मेडा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज एकत्र येऊन त्यांच्यावर चालून आले. निघून जायची संधी असून लॉरेन्सो लगेच निघाला नाही. निघाला तेव्हा जहाजाला पाण्याखाली भोक पडलेलं, आणि ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन अडकलं कुठे, तर कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत. तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, तरी त्याने स्वतःला डोलकाठीशी बसवून घेतलं आणि तिथेच मेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला आणि त्या लढाईने अरबी समुद्र पुढची शंभर वर्षं पोर्तुगीजांच्या हाती गेला. पण चौलला त्यांना अडवलं ते मच्छी धरायच्या खांबांनी.

"पाण्याची वेळ बघायला हवी होती त्याने," नवरा म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले. संध्याकाळी पाच वाजता हे म्हणाले मी.

रात्री काकूंनी पोपटी लावली. अलिबागकडे थंडीत पोपटी खाल्ली नाही तर हिवाळा झालाच नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा जाडं मीठ आणि ओवा लावून, मग अंडी, बटाटे, परत शेंगा, वर पाला गच्च दाबून. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्धा तास आगीभोवती उभं राहायचं, एक बाजू भाजते, पाठ गारठते. झालं की नाही हे बघायला काकूंनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं, थेंब टिकला नाही. "झाली." मडकं फोडलं नाही, काठीने ढकलून सुलटं केलं, पाला काढला आणि जो वास आला तो भांबुर्डीचा, रानटी, थोडा औषधी. शेंगा आपल्याच वाफेत शिजलेल्या. हाताला चटके बसत होते आणि कोणी थांबत नव्हतं. मी किती खाल्ल्या ते मोजलं नाही, आणि मी सगळं मोजते.

खाता खाता काकूंनी विचारलं, "कुठं लावलाय तुमी तंबू?"

मी सांगितलं.

"नको ताई. वाडीत घ्या. थंडीत रातचं पानी मोठं असतं."

मी त्यांना हिशेब समजावला. पाऊणला भरती, दुपारचीच भरती परत रात्री, दुपारची रेघ मी बघितली आहे, वीस पावलं वर आहोत. काकूंनी ऐकून घेतलं. आमच्या घरी मोलकरणीला मी ज्या चेहऱ्याने वॉशिंग मशीन समजावते, त्या चेहऱ्याने मी त्यांना समुद्र समजावत होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी शेंगा टाकल्या.

दहाला आत शिरलो. चंद्र वर आलेला, कापडातूनही उजेड. खाडीपलीकडे साळावच्या पोलाद कारखान्याचे दिवे. समुद्र इतका मागे गेलेला की आवाज जेमतेम. नवरा तिरका झोपला. मी उरलेल्या जागेत.

जाग आली ती पाय ओले झाल्याने.

"दव असेल," नवरा झोपेत म्हणाला. ते खरंही होतं. तंबूच्या आत श्वासाचं पाणी कापडाला धरून टपटपत होतं, हे कोणी सांगत नाही. थंडीत समुद्रकाठी तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाही तर आपणच आपल्यावर पाऊस पाडतो. मी पाय आखडून घेतले. मग चटई गार लागली, खालून. मग आवाज. लाटेचा धपका वेगळा असतो, तो लांब होता. हा आवाज जवळचा होता, सपाट, परातीत पाणी ओतावं तसा. मी चेन उघडून हात बाहेर काढला आणि मनगटापर्यंत पाण्यात घातला.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं. भरतीला अजून पंचवीस मिनिटं बाकी होती. माझ्याच हिशेबाने.

पुळण सपाट असली की पाणी उसळत येत नाही, पातळ चादरीसारखं पुढे सरकतं आणि परत जाताना पायाखालची वाळू नेतं. भीती वाटावी इतकं ते खोल नव्हतं, घोट्याच्या जरा वर. पण तंबूच्या आत अंथरूण, दोन पिशव्या, नवऱ्याचा चष्मा आणि गाडीची किल्ली होती. आम्ही सामान छातीशी धरून सुरूकडे पळालो, टाकलं, परत आलो. तंबू तसाच उचलून न्यायचा म्हणून दोघांनी दोन टोकं धरून ओढला.

हलेना.

सहा पिशव्या. हातभर खोल. आता त्यावर ओली वाळू बसलेली. चक्रीवादळ येऊ दे म्हणाला होता ना, ते येऊन गेलं असतं तरी हलला नसता. नवरा गुडघ्यावर बसून हाताने उकरायला लागला. तो उकरायचा, लाट भरायची. मी हसायला लागले. त्या वेळी हसायला नको होतं, पण चंद्राच्या उजेडात हा माणूस बनियनवर, एक दोरी दातात धरून... शेवटी मीच कांदा कापायची सुरी शोधून आणली आणि सहाही दोऱ्या कापल्या. पिशव्या तिथेच राहिल्या. एक त्याच्या बहिणीच्या लग्नातली होती, नावं छापलेली.

वाडीत काकू ओसरीवर दिवा लावून बसल्या होत्या. झोपल्याच नव्हत्या बहुतेक. काही बोलल्या नाहीत. दोन गोधड्या दिल्या आणि चहा टाकला.

सकाळी सातला पाणी लांब गेलेलं. ठरल्याप्रमाणे तटाखालून चाललो. समुद्राकडची भिंत जागोजागी ढासळून मोठमोठे तुकडे वाळूत रुतलेत, त्यांच्यावर कालवं चिकटलेली, आणि त्यांच्या वर उभा असलेला तट आतून माडांनी ढकलल्यासारखा बाहेर झुकलेला. छान आहे, जरूर जा. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी वाळूकडे बघत होते.

रेघा दोन होत्या. एक ओली, ताजी, रात्रीची, आमच्या जागेच्याही वर सात-आठ पावलं. तिच्या वर, सुरूच्या मुळांपाशी, दुसरी: वाळलेल्या शेवाळाची, करवंट्यांची, उन्हाने फटफटलेल्या चपलांची. ती आदल्या एखाद्या उधाणाची, तिला कधीपासून पाणी लागलेलं नव्हतं. काल दुपारी तीही तिथेच होती. मी ओली रेघ बघितली, कोरडी बघितलीच नाही.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, दोन भरत्या कधी सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची मोठी, थंडीत रात्रीची. "म्हणून जुलैत बातम्यांत येतं ना, दुपारी मुंबईत उधाण? तेच आता रात्री. रात्री कोन बघत नाय." आजीने मला वेळ शिकवली होती, उंची नव्हती शिकवली. किंवा शिकवली असेल, आणि मी तेवढं गणित पाठ केलं.

नवऱ्याची डावी चप्पल मिळाली नाही.

मग त्याच्यासाठी बाजारातून रबरी सपाता घेऊन पूल ओलांडून कोर्लईला गेलो. पोर्तुगीजांनी हा किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. डोंगराच्या अरुंद कण्यावरून चालताना दोन्ही हातांना समुद्र, वर छप्पर नसलेलं चर्च, खाली दीपगृह. पण मला जास्त आवडलं ते पायथ्याचं गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजातून घडलेली एक वेगळी बोली बोलतात. हजारभर माणसं असतील बोलणारी. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. सुकी मासळी विकत बसलेल्या बाईंशी मी सोडे-बोंबलाचा भाव करत होते, त्या माझ्याशी झकास मराठीत नडत होत्या, आणि मधेच आत वळून नातवाला काहीतरी रागावल्या. एक शब्द कळला नाही, पण राग कळला. पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले. भाषेला कोणी जा म्हटलं नाही. भाव मात्र त्यांनी दोन्ही भाषांत कमी केला नाही.

दुसऱ्या रात्री तंबू विहिरीजवळ, जिथे आधीच सांगितलं होतं तिथे. दोऱ्यांना गाठी मारून पुरवल्या, खुंट्या मातीत एका फटक्यात गेल्या. खिडकी बोटभर उघडी ठेवली, आत एक थेंब पडला नाही. पंपाचा आवाजही नव्हता, तो रात्री बंदच असतो. हे मी विचारलंच नव्हतं.

द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. मी सव्वाचा गजर लावला होता आणि गुपचूप निघणार होते, तर नवरा आधीच सपाता घालून बाहेर उभा. सुरूपलीकडे गेलो. काकूंनी सकाळीच एक झावळी कोरड्या रेघेवर रोवून ठेवली होती, "आज हितपर्यंत नाय येनार" म्हणून. आम्ही तिच्याशेजारी बसलो. पाणी आलं तसंच, चादरीसारखं, न बोलता. काल जिथे तंबू होता तिथवर आलं, त्यावरून सरकलं, अजून दोन-तीन पावलं वर आलं आणि थांबलं. थांबलं म्हणजे काय, तर पुढची चादर मागच्या रेघेला पोचेना, त्याच्या पुढची तिलाही पोचेना. नवऱ्याने घड्याळ बघितलं.

"एक अडतीस," तो म्हणाला. "आठ मिनिटं उशीर."

"पाऊणपट म्हणजे अंदाज असतो रे," मी म्हणाले.

तेवढ्यात परतणाऱ्या पाण्यातून काहीतरी पांढरं उघडं पडलं. तो टॉर्च घेऊन उतरला, उकरून बघितलं आणि तिथूनच ओरडला, "अगं, ताईच्या लग्नातली पिशवी!"